सुरक्षा पोलिसांच्या माफीचा निकाल कसा वाचावा

मुंबईच्या विधी महाविद्यालयांत आणि अभ्यासमंडळांत दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि सलोखा आयोगाचा विषय निघाला, की चर्चा बहुधा आयोगाचे अध्यक्ष डेस्मंड टुटू यांच्या अश्रूंपाशी सुरू होते आणि क्षमाशीलतेच्या गौरवापाशी संपते. आयोगाच्या माफी समितीने दिलेले निकाल उघडून पाहण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. वर्णद्वेषी राजवटीच्या सुरक्षा पोलिसांनी केलेले खून, अपहरणे आणि छळ यांचा हिशेब कसा झाला हे समजून घ्यायचे असेल, तर ते निकालच वाचावे लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर निकाल आणि सुनावण्यांचे शब्दशः वृत्तांत दोन्ही उपलब्ध असल्यामुळे त्यासाठी केप टाउन गाठावे लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी, पत्रकार आणि कायद्याचे शिक्षण नसलेले पण चिकाटीचे वाचक यांनी ते कोणत्या क्रमाने वाचावेत, हे पुढे सांगितले आहे.

निकाल हाती घेण्याआधी १९९५ च्या राष्ट्रीय ऐक्य आणि सलोखा संवर्धन कायद्याचे कलम २० वाचावे, आणि ते घाई न करता वाचावे. माफीसाठी त्यात तीन अटी आहेत. अर्ज कायद्याने ठरवलेल्या रीतीने केलेला असला पाहिजे, कृत्य गतकाळातील संघर्षाच्या ओघात राजकीय उद्दिष्टाशी निगडित असले पाहिजे, आणि अर्जदाराने सर्व संबद्ध वस्तुस्थिती पूर्णपणे उघड केली पाहिजे. पश्चात्तापाची अट या कलमात कोठेही नाही. अर्जदाराने मृताच्या आईसमोर डोके टेकवले की ताठ मानेने साक्ष दिली, याचा माफीच्या हक्काशी कायद्याने संबंध ठेवलेला नाही. आपल्याकडच्या चर्चेत ही गोष्ट सर्वांत अधिक वेळा निसटते, आणि ती निसटली की पुढचे प्रत्येक वाचन चुकीच्या वाटेने जाते.

त्यानंतर तारीख तपासावी. १ मार्च १९६० ते १० मे १९९४ या काळातीलच कृत्ये माफीला पात्र होती. आरंभाची तारीख शार्पविल येथे पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबाराच्या तीन आठवडे आधीची आहे आणि अखेरची तारीख नेल्सन मंडेला यांच्या शपथविधीची. अर्ज स्वीकारण्याची मुदतही वाढत वाढत ३० सप्टेंबर १९९७ पर्यंत गेली होती. निकालाच्या शिरोभागी अर्जदारांची नावे, अर्जाचे क्रमांक आणि ज्या कृत्यांसाठी माफी मागितली त्यांची यादी असते. ही यादी स्वतंत्र कागदावर उतरवून घ्यावी, कारण माफी व्यक्तीला सरसकट मिळत नसे, ती नेमक्या कृत्याला मिळत असे. व्लाकप्लास या सुरक्षा पोलिसांच्या गुप्त तळाचा प्रमुख यूजीन डी कॉक याला अनेक कृत्यांसाठी माफी मिळाली, तरी सगळ्या कृत्यांसाठी ती मिळाली नाही. १९९६ मध्ये त्याला दोन जन्मठेपा आणि त्याखेरीज २१२ वर्षांचा कारावास अशी शिक्षा झाली होती, आणि २०१५ मध्ये पॅरोल मंजूर होईपर्यंत तो तुरुंगातच होता.

आता निकालाच्या गाभ्याकडे यावे. येथे वाचकाने पहिला प्रश्न असा विचारावा की अर्जदार नेमके काय कबूल करीत आहे. प्रश्न सोपा वाटतो, परंतु पुष्कळ निकालांचे भवितव्य त्यावरच ठरले आहे. वर्णद्वेषविरोधी चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांचे प्रकरण या दृष्टीने आधी वाचावे. ऑगस्ट १९७७ मध्ये अटक झालेल्या बिको यांना पोर्ट एलिझाबेथच्या सुरक्षा पोलिसांच्या कोठडीत डोक्याला प्राणघातक इजा झाली. त्या अवस्थेत त्यांना विवस्त्र, गाडीच्या मागील भागात घालून हजाराहून अधिक किलोमीटर दूर प्रिटोरियाला नेण्यात आले आणि १२ सप्टेंबर रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षीच्या मृत्यूचौकशीत कोणालाही जबाबदार धरले गेले नाही. वीस वर्षांनी पाच अधिकाऱ्यांनी माफीचे अर्ज केले. पूर्वी आपण खोटी प्रतिज्ञापत्रे दिली होती हे त्यांनी मान्य केले, परंतु मृत्यूबाबत त्यांचे म्हणणे असे होते की झटापट झाली आणि तीत बिको यांचे डोके भिंतीवर आदळले. गुन्हा केल्याचे न सांगता अपघात झाल्याचे सांगणाऱ्याला माफी द्यायची ती कशाची, हा पेच तेथे उभा राहिला. समितीने १९९९ मध्ये अर्ज फेटाळले, ते राजकीय उद्दिष्टाच्या आणि पूर्ण प्रकटीकरणाच्या दोन्ही कसोट्यांवर.

याच्या शेजारी केप टाउनच्या सुरक्षा पोलिसांतील जेफ्री बेंझियन याचा निकाल ठेवावा. तोंडावर ओली पिशवी आवळून श्वास कोंडण्याची त्याची पद्धत १९९७ च्या सुनावणीत त्याने जमिनीवर पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर बसून प्रत्यक्ष करून दाखवली. ती दाखवायला लावली त्यानेच छळलेल्या टोनी येंगेनी यांनी, जे तोवर खासदार झाले होते. उलटतपासणीत बेंझियनने अनेक प्रश्नांना आठवत नसल्याचे उत्तर दिले. अ‍ॅशली क्रील या तरुण कार्यकर्त्याच्या १९८७ मधील मृत्यूबाबत झटापटीत गोळी सुटल्याचे त्याने सांगितले आणि क्रील यांच्या कुटुंबाने ते कधीही मान्य केले नाही. तरीही १९९९ मध्ये त्याला माफी मिळाली. दोन्ही प्रकरणांत अपघाताचा दावा आहे, दोन्ही प्रकरणांत विस्मृतीची किंवा लपवाछपवीची शंका आहे, आणि निकाल मात्र परस्परविरुद्ध आहेत. समितीच्या कारणमीमांसेत हे अंतर भरून निघते का, हे वाचकाने स्वतः दोन्ही निकाल समोर ठेवून ठरवावे. माझ्या मते ते पुरते भरून निघत नाही, आणि पूर्ण प्रकटीकरणाची कसोटी सर्वत्र सारख्याच कठोरपणे लावली गेली असे विधान लेखात करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी दहा वेळा विचार करावा.

दुसरा प्रश्न आदेशाचा. कलम २० राज्याच्या नोकराला माफीच्या कक्षेत घेते ते त्याने कर्तव्याच्या ओघात, स्पष्ट किंवा गर्भित अधिकाराच्या मर्यादेत कृत्य केले असेल तर. त्याशिवाय हेतू, प्रसंग, कृत्याची गंभीरता, लक्ष्य कोण होते, आदेश किंवा मान्यता होती का, आणि कृत्य उद्दिष्टाच्या मानाने प्रमाणशीर होते का, हे निकष तपासायचे असतात. वैयक्तिक लाभासाठी किंवा वैयक्तिक आकसापोटी केलेले कृत्य बाद होते. डर्बनचे वकील ग्रिफिथ्स एमक्सेंगे यांच्या १९८१ मधील हत्येचा निकाल या मुद्द्यासाठी उत्तम आहे. सुरक्षा पोलिसांतील डर्क कुत्सी, अल्मंड नोफोमेला आणि डेव्हिड चिकालांगा यांनी हा खून लुटीचा भासावा अशी व्यवस्था केली होती. वरिष्ठाने आदेश दिल्याचे कुत्सी सांगत होता, वरिष्ठ ते नाकारीत होता, आणि न्यायालयाने १९९७ मध्ये तिघांना दोषी ठरवल्यानंतर, शिक्षा ठोठावली जाण्यापूर्वीच समितीने त्यांना माफी दिली. वर नाकारणारा अधिकारी आणि खाली कबुली देणारा हस्तक हे चित्र सुरक्षा पोलिसांच्या निकालांत पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून आदेशाची साखळी कागदावर काढावी आणि ती कोणत्या हुद्द्यापाशी तुटते तेथे खूण करावी. पोलीसमंत्री एड्रियान व्लॉक यांनी खोत्सो हाउस या चर्च परिषदेच्या इमारतीतील १९८८ च्या बॉम्बस्फोटासाठी माफी मागितली आणि त्यांना ती मिळाली, परंतु मंत्रिपदावरील माणसापर्यंत साखळी अशी पोचणे हा अपवाद होता.

लक्ष्य चुकले तर माफीचे काय होते, हे पाहण्यासाठी ट्रस्ट फीड हत्याकांडाचा निकाल वाचावा. पोलीस अधिकारी ब्रायन मिचेल याच्या योजनेनुसार डिसेंबर १९८८ मध्ये झालेल्या हल्ल्यात ११ जण मारले गेले, आणि ज्यांना मारायचे ठरले होते ते मृतांत नव्हते. तरीही त्याला माफी मिळाली.

आपल्या वाचकाला येथे ओळखीचा एक धागा सापडतो, तो माफीच्या साक्षीदाराचा. १९९३ च्या बॉम्बस्फोट खटल्यात आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयासमोर असे साक्षीदार उभे राहिले होते, त्यामुळे ही कल्पना मुंबईत घरोघरी माहीत आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे जुने कलम ३०६, म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३४३, हेही संपूर्ण आणि सत्य प्रकटीकरणाची अट घालते. साम्य येथवरच आहे. आपला माफीचा साक्षीदार इतरांना शिक्षा व्हावी म्हणून बोलतो आणि त्याची माफी सरकारी पक्षाच्या सोयीची असते, तर तेथील अर्जदार मुख्यतः स्वतःच्या कृत्याबद्दल बोलतो आणि पीडितांचे वकील त्याची उलटतपासणी घेतात. कायद्याने मानवी हक्कांचा घोर भंग म्हणून ज्यांची व्याख्या केली त्या कृत्यांसाठी, म्हणजे हत्या, अपहरण, छळ आणि तीव्र दुर्वर्तन यांसाठी, सुनावणी जाहीरपणे घेणे बंधनकारक होते. याउलट आपल्याकडे लोकसेवकावर खटला चालवण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते तेव्हा संबंधित अधिकाऱ्याला तोंडही उघडावे लागत नाही, आणि परवानगी नाकारली गेली तर वस्तुस्थिती फाइलमध्येच राहते. श्रीकृष्ण आयोगाशी तुलना करण्याचा मोहही टाळावा, असे मी सुचवेन. तो चौकशी आयोग होता, त्याला कोणालाही दोषमुक्त करण्याचा अधिकार नव्हता आणि त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नव्हते.

माफीचा परिणाम निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात एका ओळीत येतो, पण ती ओळ फार जड असते. माफी मिळालेल्या कृत्याबद्दल फौजदारी जबाबदारी संपते, दिवाणी जबाबदारीही संपते, आणि त्या कृत्यापुरती राज्याची भरपाई देण्याची जबाबदारीदेखील संपते. अझापो ही संघटना आणि बिको, एमक्सेंगे व रिबेरो या कुटुंबांतील सदस्य यांनी यालाच घटना न्यायालयात आव्हान दिले होते, आणि जुलै १९९६ मध्ये न्यायमूर्ती इस्माइल महोमद यांनी मुख्य निकालपत्र लिहून ते फेटाळले. माफीचे आश्वासन नसते तर सत्य सांगायला कोणी पुढे आले नसते आणि सत्तांतराचा करारही झाला नसता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो वाचताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा नीलाबती बेहरा निकाल शेजारी ठेवावा. कोठडीतील मृत्यूबद्दल राज्याकडून भरपाई मागण्याचा मार्ग त्या निकालाने घटनेच्या आधारे खुला केला, आणि नेमका तोच मार्ग तेथे माफीने बंद झाला होता. त्याच्या बदल्यात पीडितांना आयोगाच्या नुकसानभरपाई समितीकडे पाठवले जाई.

आकडेवारी वापरताना एक पथ्य पाळावे. समितीकडे ७ हजारांहून अधिक अर्ज आले आणि बहुसंख्य फेटाळले गेले, यावरून समिती कठोर होती असा निष्कर्ष काढला जातो. फेटाळलेल्या अर्जांचा मोठा वाटा राजकारणाशी संबंध नसलेल्या कैद्यांचा होता, त्यामुळे सुरक्षा पोलिसांविषयी तो आकडा काहीच सांगत नाही. त्याहून बोलका तपशील हा आहे की सुरक्षा पोलीस पुढे आले, पण लष्करातून अर्ज जवळजवळ आलेच नाहीत. डी कॉकच्या खटल्यात त्याचे जुने सहकारी सरकारी पक्षाकडून साक्षी देऊ लागले तेव्हा पोलिसांना तुरुंग दिसू लागला. ऑक्टोबर १९९६ मध्ये माजी संरक्षणमंत्री मॅग्नस मलान खुनाच्या खटल्यातून निर्दोष सुटले तेव्हा लष्करी अधिकाऱ्यांना अर्जाची निकड वाटेनाशी झाली. माफीने सत्य बाहेर काढले असे म्हणताना त्यामागे खटल्याची भीती किती होती, हे प्रत्येक प्रकरणात तपासावे.

म्हणूनच निकाल वाचून झाला की ज्यांनी अर्जच केला नाही, किंवा ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, त्यांचा माग काढावा. वर्णद्वेषविरोधी कार्यकर्ती नोकुथुला सिमेलाने हिचे १९८३ मध्ये अपहरण झाले. त्या अपहरणासाठी काही पोलिसांना माफी मिळाली, पण खुनासाठी कोणीही माफी मागितली नाही आणि खुनाचा आरोप ठेवला जाण्यास २०१६ साल उजाडले. भारतीय वंशाचा शिक्षक अहमद तिमोल याचा १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या जॉन फोर्स्टर स्क्वेअर या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मृत्यू झाला आणि १९७२ च्या मृत्यूचौकशीने ती आत्महत्या ठरवली. पुन्हा उघडलेल्या चौकशीत २०१७ मध्ये न्यायमूर्ती बिली मोथ्ले यांनी त्याला ढकलल्याचा निष्कर्ष काढला. त्यानंतर खुनाचा आरोप ठेवला गेलेला माजी सुरक्षा पोलीस जोआओ रॉड्रिग्ज २०२१ मध्ये खटला पूर्ण होण्याआधीच वारला. आयोगाकडून आलेली अशी प्रकरणे सरकारी वकिलांनी इतकी वर्षे का रखडवली, त्यात राजकीय हस्तक्षेप होता का, याच्या चौकशीसाठी राष्ट्राध्यक्ष सिरिल रामाफोसा यांनी २०२५ मध्ये न्यायमूर्ती सिसी खाम्पेपे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला आहे. खाम्पेपे स्वतः माफी समितीच्या सदस्य होत्या. त्यामुळे जुना निकाल वाचताना खालच्या स्वाक्षऱ्यांत त्यांचे नाव आहे का हे पाहून ठेवावे, आणि नव्या आयोगासमोर त्याच प्रकरणाचा उल्लेख आला तर दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये लावावेत.