चष्मा लावून सायकल चालवताना

आधी हेल्मेट, मग चष्मा. काड्या पट्ट्यांच्या आत दाबल्या गेल्या की अर्ध्या तासात कानामागे ठणकायला लागतं. बाहेरून घातल्या तर दुखत नाही आणि चष्मा पटकन काढताही येतो. नंबरची काच करून घेताना पॉलिकार्बोनेटचीच, म्हणजे सहजी न फुटणाऱ्या प्लास्टिकचीच मागा. चाकाखालून उडालेला खडा साध्या काचेवर बसला तर तुकडे डोळ्याशीच येतात, म्हणून इथे काटकसर नकोच. बाजूने वारा आणि किडे शिरत असतील तर थोडी वळणदार, चेहऱ्यालगत बसणारी फ्रेम बरी.

खरा त्रास घामाचा. कपाळावरून ओघळलेला थेंब भुवईवर क्षणभर थांबतो आणि नेमका काचेच्या आतल्या बाजूला पडतो. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला. तिची छोटी झापड ऊन आणि रिमझिम पाऊसही अडवते. जाड टोपी मात्र नको, हेल्मेट वर उचललं जातं. ते भुवयांच्या दोन बोटं वरच बसायला हवं.

सिग्नलला थांबल्यावर काचा धुरकटल्या तर चष्मा नाकावर जरा पुढे ओढा, हवा खेळते. वाळलेला घाम टी-शर्टने कधीच पुसू नका. मीठ आणि धुळीचे कण काचेवर चरे पाडतात. आधी बाटलीतलं पाणी ओता, मगच मऊ कापड लावा.