संरक्षक फिल्म नीट कशी लावावी: मोबाइलच्या स्क्रीनपासून टेबलाच्या पृष्ठभागापर्यंत

स्क्रीनवर फिल्म लावून झाली की बहुतेक जण बुडबुड्यांच्या मागे लागतात आणि कार्ड घेऊन घासत बसतात. पण न हटणाऱ्या बुडबुड्यांमागे बहुधा धूळ असते. एक बारीक कण फिल्मखाली अडकला की तो तिला वर उचलून धरतो आणि त्याच्याभोवती हवेचं वर्तुळ राहतं. कितीही दाबलं तरी ते जात नाही. ज्या छोट्या बुडबुड्यात फक्त हवा आहे, तो मात्र बऱ्याचदा एक-दोन दिवसांत आपोआप नाहीसा होतो. ओळखायला सोपं आहे: बुडबुड्याच्या मधोमध ठिपका दिसला तर धूळ, नाही तर हवा. म्हणून या कामातला सगळा धीर चिकटवण्याआधी खर्च करायचा. प्रत्यक्ष चिकटवायला जेमतेम मिनिटभर लागतं.

कोणती फिल्म घ्यावी

पीईटी या प्लास्टिकची फिल्म गुळगुळीत आणि थोडी ताठ असते, कोरडीच लावतात आणि सपाट स्क्रीनवर उत्तम बसते. टीपीयू या लवचीक प्लास्टिकची फिल्म मऊ असते, थोडी ताणली जाते, त्यामुळे वळणदार कडांनाही धरून राहते. तिच्यावरचे हलके ओरखडे काही वेळाने भरून येतात. ती बऱ्याचदा ओली, म्हणजे साबणाचं पाणी फवारून, लावावी लागते. टेम्पर्ड ग्लास ही खरं तर फिल्म नाही, साधारण ०.३३ मिलिमीटर जाडीची काच आहे. ती लावायला सर्वांत सोपी, कारण ती वाकत नाही. तिच्या पाकिटावर ‘९एच’ लिहिलेलं असतं. हा आकडा पेन्सिलने ओरखडा काढून पाहण्याच्या चाचणीतला आहे, खनिजांचा कठीणपणा मोजणाऱ्या मोह्स मापनातला नाही. वाळूतलं क्वार्ट्झ मोह्स मापनावर ७ ला असतं आणि काच त्याच्या खाली. त्यामुळे किल्ल्यांनी ओरखडा उठला नाही, तरी खिशातल्या वाळूने उठू शकतो.

खरेदीआधी तीन गोष्टी तपासा. स्क्रीनखाली बोटाचा ठसा ओळखणारा सेन्सर असेल, विशेषतः ध्वनिलहरींवर चालणारा अल्ट्रासॉनिक, तर जाड काचेतून तो नीट चालत नाही. अशा फोनला पातळ फिल्म बरी. कोणतीही फिल्म लावली तरी ठसा पुन्हा नोंदवा. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर स्क्रीन आणि कीबोर्ड यांच्यात फारच थोडी जागा उरते, तिथे जाड आवरण लावलं तर स्क्रीनवर दाब येतो. मी लॅपटॉपला पातळ मॅट (न चकाकणाऱ्या) फिल्मच्या पुढे जाणार नाही. आणि घडीचा फोन असेल तर कंपनीने आतल्या स्क्रीनवर बसवलेली फिल्म अजिबात काढू नका, ती स्क्रीनचाच भाग असते. २०१९ मध्ये सॅमसंगच्या पहिल्या गॅलक्सी फोल्डच्या काही परीक्षकांनी ती तात्पुरतं आवरण समजून सोलली आणि त्यांच्या स्क्रीन बिघडल्या. त्या फोनची विक्रीही तेव्हा लांबणीवर पडली.

जागा आणि हात

पंखा आणि एसी बंद करा. खिडकीतून वारा येत असेल तर तीही लावून घ्या. गरम पाणी थोडा वेळ सोडून ठेवलेलं न्हाणीघर ही चांगली जागा आहे, कारण ओलसर हवेत तरंगणारी धूळ लवकर खाली बसते. मात्र वाफ विरून जाऊ द्या, स्क्रीनवर दमटपणा धरेल इतक्या वाफेत काम करू नका. लोकरीचे किंवा तंतू सोडणारे कपडे घालू नका. टेबल ओल्या फडक्याने पुसा, हात धुऊन कोरडे करा. एक टॉर्च जवळ ठेवा. उजेड वरून पाडला तर धूळ दिसत नाही, कडेने आडवा पाडला की लगेच दिसते.

पुसणं

उपकरण बंद करा. काळ्या स्क्रीनवर कण लगेच नजरेत येतात. जुनी फिल्म असेल तर आधी काढून घ्या. मायक्रोफायबर कापडावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब घेऊन काच पुसा. द्रव थेट स्क्रीनवर ओतायचा किंवा फवारायचा नाही, तो कडेने आत शिरतो. अमोनिया असलेलं काच पुसायचं द्रावण टाळा. फोनच्या काचेवर बोटांचा तेलकटपणा रोखणारा एक लेप असतो. वारंवार अल्कोहोल लावलं तर तो झिजतो, म्हणून हे पुसणं फिल्म लावण्यापुरतंच ठेवा. लॅपटॉप आणि टीव्हीच्या मॅट स्क्रीनला मी अल्कोहोल लावतच नाही, किंचित ओलं कापड आणि नंतर कोरडं कापड पुरतं.

पुसल्यावर कोरड्या कापडाने शेवटचा हात फिरवा आणि मग चिकटपट्टी घ्या. तिची चिकट बाजू स्क्रीनवर हलकेच टेकवत, उचलत, कडेपासून कडेपर्यंत जा. फिल्मसोबत येणारे धूळ टिपायचे स्टिकर यासाठीच असतात. स्पीकरची जाळी, कॅमेऱ्याभोवतीची फट, केसच्या आतल्या कडा यांतली धूळ विशेष लक्ष देऊन टिपा. फिल्म खाली येताना हीच धूळ बाहेर सरकते.

कोरडी फिल्म: बिजागरीची युक्ती

फिल्म सरळ बसवणं हे लोकांना सर्वांत अवघड वाटतं. ते एका युक्तीने सोपं होतं. मागचा कागद काढण्याआधीच फिल्म स्क्रीनवर ठेवून बघा, चारही कडांना सारखी जागा सोडा, कॅमेऱ्याचं छिद्र जुळवा. आता एका लांब बाजूला चिकटपट्टीचे दोन तुकडे असे लावा, की अर्धा भाग फिल्मवर आणि अर्धा फोनच्या बाजूवर राहील. ही झाली बिजागरी. फिल्म पुस्तकाच्या पानासारखी उघडते आणि मिटली की नेमकी त्याच जागी येते.

फिल्म उघडा, शेवटचं एकदा टॉर्चने पाहून घ्या, मागचा कागद सोला आणि लगेच मिटायला सुरुवात करा. सगळी एकदम टाकू नका. बिजागरीच्या बाजूने टेकवत हळूहळू पलीकडे न्या. चिकट थर काचेला धरताना एक ओलसर रेघ पुढे सरकताना दिसते, तिच्या वेगाने जा. टेम्पर्ड ग्लास असेल तर मधोमध एक बोट टेकवा आणि सोडून द्या, ती आपणच पसरते. उरलेली हवा कापड गुंडाळलेल्या कार्डाने मधून कडेकडे ढकला.

कण दिसलाच तर घाई करू नका. जवळच्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावून फिल्म त्या जागेपर्यंत उचला, दुसऱ्या ताज्या चिकटपट्टीने कण टिपा, मग पुन्हा टेकवा. कण फिल्मला लागलाय की काचेला, हे आधी बघा. बोट किंवा नख चिकट बाजूला लावू नका, ठसा कायमचा राहतो. सिलिकॉनचा थर असलेली फिल्म असं दोन-तीनदा उचलणं सहन करते.

ओली फिल्म

अर्धा लिटर पाण्यात बेबी शॅम्पूचे किंवा भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब पुरतात. साबण जास्त झाला की गोंद धरत नाही. बोटांची टोकं ओली करा, म्हणजे चिकट बाजूवर ठसे उमटत नाहीत. फोनच्या बाबतीत फवारा फिल्मच्या चिकट बाजूवर मारा, फोनवर नाही, आणि चार्जिंगच्या छिद्राकडे पाणी ओघळू देऊ नका. फिल्म ठेवल्यावर ती सरकवून जागेवर आणा, मग स्क्वीजीने (रबरी पट्टीने) मधून बाहेर पाणी काढा, बाहेर आलेलं लगेच टिपा. दाब हळूहळू वाढवा. कोपरे उचलले गेले तर काही मिनिटं थांबून पुन्हा दाबा, थोडं सुकलं की ते धरतात. फोन काही तास बंदच ठेवा. सुरुवातीला फिल्म धुरकट दिसेल, पाण्याच्या बारीक रेषाही दिसतील. पाणी उडून जायला काही दिवस लागू शकतात आणि त्या काळात काहीही करायची गरज नसते.

इतर पृष्ठभाग

फर्निचर, फ्रिज, गाडीचा रंग, खिडकीची काच यांना बहुतेकदा ओलीच पद्धत लागते, कारण मोठी फिल्म कोरडी लावताना ती एकदा चिकटली की सरकवता येत नाही. पॉलिश केलेल्या लाकडावर मऊ पीव्हीसी प्लास्टिकची फिल्म लावताना जपा. त्यातला लवचीकपणा देणारा घटक पॉलिशमध्ये उतरून डाग पाडू शकतो किंवा पॉलिश मऊ करू शकतो. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात तुकडा लावून काही आठवडे बघा. ताजा रंग पूर्ण मुरल्याशिवाय त्यावर काही चिकटवू नका, नाही तर काढताना रंगच फिल्मबरोबर निघून येतो. खिडकीच्या दुहेरी काचेवर उष्णता शोषणारी फिल्म लावली तर काच असमान तापून तडकू शकते, म्हणून आधी काचेच्या उत्पादकाच्या सूचना पाहा.

गार पृष्ठभागावर फिल्म ताठ होते आणि उन्हात तापलेल्यावर हात लावताच चिकटते, म्हणून सावलीत, नेहमीच्या तापमानाला काम करा. वळणावर हेअर ड्रायरने मऊ करून बसवता येते, पण फार ताणू नका, ताणलेली फिल्म नंतर आकसते आणि कड सुटते. कडेपासून एखादा मिलिमीटर आत राहा आणि टोकदार कोपरे गोल कापा, तेच आधी उचकटतात. कापायचं ते वेगळ्या फळीवर. ब्लेड पृष्ठभागावर फिरवलं तर जो ओरखडा टाळायचा होता तोच पडतो.

नव्या उपकरणावर कारखान्यातून येणारी पातळ फिल्म फक्त वाहतुकीपुरती असते. ती ठेवून दिली तर ऊन आणि उष्णतेने तिचा गोंद कडक होतो आणि मग निघता निघत नाही. ओव्हनसारख्या तापणाऱ्या वस्तूची तर पहिल्या वापराआधीच काढा.

काढताना

हेअर ड्रायरने कोमट करा, कोपरा नखाने किंवा चिकटपट्टीने उचला आणि फिल्म वर न खेचता मागे दुमडून, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, हळू ओढा. धातूचं पातं वापरू नका. टेम्पर्ड ग्लास फुटली असेल तर आधी तिच्यावर चिकटपट्टीचे रुंद पट्टे लावा, म्हणजे तुकडे एकमेकांना धरून निघतात. डोळ्यांवर चष्मा ठेवा आणि काम झाल्यावर टेबल ओल्या कागदाने पुसून तो कागद फेकून द्या. मागे राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने भिजवून काही वेळ थांबा, मग तो पुसला की सुटतो. रंग किंवा पॉलिश असेल तर हेही आधी कोपऱ्यात करून पाहा.