थेंब गालावर नको, डोळ्यात हवा : म्हाताऱ्या माणसांना ड्रॉप कसे घालावेत

आईची बाटली बाराव्या दिवशी संपली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तिला काचबिंदू, म्हणजे डोळ्याचा दाब वाढून मागची नस खराब होण्याचा आजार, असल्याचं कळल्यावर डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब सांगितला होता. म्हणजे दिवसाला ४. पाच मिलीच्या बाटलीत साधारण १०० थेंब निघतात, म्हणजे ती २५ दिवस पुरायला हवी. नाशिकच्या सातपूरमध्ये कारखान्याच्या टूलरूममध्ये ३२ वर्षं मायक्रॉनचे हिशेब केलेल्या मला हा चौथीतला भागाकार सुचला नाही. बाटली संपली की मी दुसरी आणायचो. असे चार महिने गेले. डोळ्याचा दाब सर्वसाधारणपणे १० ते २१ मिमी पारा असतो, आईचा २६ वरून हलेना. डॉक्टर दुसरं औषध वाढवायच्या बेतात होते, तेवढ्यात तिथल्या सिस्टर म्हणाल्या, "काका, घालता कसं ते दाखवा बरं."

दाखवलं. पहिला थेंब पापणीवर, दुसरा गालावर, तिसऱ्याला आईने डोळा गच्च मिटला. चार महिने मी तिच्या गालाचा काचबिंदू बरा करत होतो.

तेव्हापासून आईचे, मग चुलत्यांचे, मग पंचवटीतल्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचे ड्रॉप माझ्या हातून गेले. "त्यात काय, दोन थेंब टाकायचे" असं म्हणणाऱ्याला मी बाटली देतो आणि घाल म्हणतो.

आधीची तयारी

हात साबणाने धुवा. घरात तंबाखू मळणारं कोणी असेल तर दोनदा धुवा. निफाडचे आमचे नाना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे राहायला होते. तळहातावर तंबाखू-चुना चोळून त्याच बोटाने डोळ्याचं पाणी पुसायला निघाले, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मनगट धरलं. चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. चिपडं असतील तर उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेल्या स्वच्छ कापसाने नाकाकडून कानाकडे पुसा, प्रत्येक वेळी नवा कापूस. बाटलीतलं औषध दुधासारखं पांढरं असेल तर ती चांगली हलवा, नाहीतर औषध तळाशी आणि डोळ्यात नुसतं पाणी. झालं.

खरी गोम

टूलरूममध्ये पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवतात: जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं ती वस्तू, हलत असेल तर टूल कितीही धारदार असो, काम बिघडणारच. इथे जॉबही हलतो आणि टूलही. म्हाताऱ्या माणसाचं डोकं डुगडुगतं, तुमचा हात हवेत लोंबकळतो. दोन्ही बांधल्याशिवाय सुरुवात करू नका.

आधी डोकं. खुर्चीत बसवून "मान मागे टाक" हा सल्ला ज्याने काढला त्याने सत्तरीतली मान पाहिलेली नाही. ती मागे जात नाही, गेली तर चक्कर येते. सरळ कॉटवर आडवं करा, उशी पातळ किंवा नाहीच. आडवं झालं की दम लागतो त्यांना आरामखुर्चीत बसवा आणि डोक्यामागे उशी ठेवून ती भिंतीला टेकवा. डोकं टेकलेलं हवं, एवढंच. आणि पंखा बंद करा. मी महिनाभर आईला "पंख्याकडे बघ" म्हणत होतो, पंखा चालू ठेवून. फिरत्या पात्यांकडे बघताना पापणी लवणार नाही तर काय होणार? वारा लागतो तो वेगळाच.

आता पापणी. वरच्या पापणीला हात लावायचा नाही. लोक वरची पापणी उचलतात आणि बुबुळावर नेम धरतात. बुबुळ हा शरीरातल्या सगळ्यात हळव्या भागांपैकी एक, तिथे काही पडतंय म्हटल्यावर डोळा मिटणारच, त्यात म्हातारीचा हट्ट नसतो. खालच्या पापणीखाली गालाच्या हाडावर बोट टेका आणि कातडी हळूच खाली ओढा. पापणी पुढे येऊन आत लालसर खोबण दिसेल, ओटी भरायला पदर पुढे धरावा तशी. थेंब त्या ओटीत पडला पाहिजे. बोटाचा जोर हाडावर, डोळ्यावर कधीच नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला हे दुप्पट लागू.

मग बाटलीचा हात. मनगटाची कड त्यांच्या कपाळावर टेकवा. ही एक गोष्ट कळायला मला चार महिने लागले, म्हणून सगळ्यात ठासून सांगतो. हात कपाळावर टेकला की डोकं हललं तर हातही त्याच्याबरोबर हलतो आणि नेम जागेवर राहतो. बाटलीचं टोक खोबणीपासून बोटभर वर. पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला, कशालाही टोक लागता कामा नये. लागलं तर डोळ्यातले जंतू बाटलीत जातात आणि पुढचे सगळे दिवस तुम्ही तेच परत डोळ्यात घालता.

बाटली समोरून आणू नका, कानाच्या बाजूने आणा. समोरून येणारी वस्तू दिसली की डोळा मिटतो. त्यांना वर, स्वतःच्या कपाळाकडे बघायला सांगा. बुबुळ वर जातं, खोबण मोकळी होते. आणि "एक, दोन, तीन" मोजू नका! आई दोनलाच मिटायची. आता घालतोय एवढं एकदा सांगायचं आणि मग दुसरं काहीतरी विचारायचं. मी विचारतो, "आज गंगेला पाणी किती आहे गं?" गंगा म्हणजे आमची गोदावरी. आई उत्तर जुळवत असते, थेंब पडून गेलेला असतो.

थेंब एकच. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात जेमतेम ३० मावतात. म्हणजे पहिलाच थेंब थोडा सांडतो. दुसरा "खात्रीसाठी" घातलात तर तो नुसता पहिल्याला धुऊन नेतो, आणि पैसे गालावरून वाहतात. पडला की नाही याची शंका असेल तरच पुन्हा घाला. पडल्याचं आईला कळावं म्हणून मी तिची बाटली फ्रिजच्या दारात ठेवतो, लेबलवर चालतं असं लिहिलंय म्हणून. गार थेंब बरोबर कळतो. "पडला," असं ती स्वतःच सांगते.

थेंब पडल्यावर

डोळा अलगद मिटायचा. गच्च आवळायचा नाही, लुकलुकायचा नाही, कारण पापण्यांची उघडझाप हा पंपच आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात एक बारीक नळी असते, ती नाकात उतरते. ड्रॉप घातल्यावर घशात कडू लागतं ते त्यामुळे. त्या कोपऱ्यावर, नाकाच्या हाडाशी, बोट दोन मिनिटं हलकं दाबून धरा म्हणजे औषध डोळ्यात राहतं. नुकतं ऑपरेशन झालेल्या डोळ्याला मात्र बोट लावू नका, नुसता मिटून ठेवायला सांगा.

हे दाबणं चैनीचं नाही. काचबिंदूसाठी टिमोलॉल नावाचं औषध सर्रास देतात. ते नाकावाटे रक्तात गेलं तर नाडी मंद होऊ शकते, दमेकऱ्याचा दमा उसळू शकतो. "डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध" म्हणून लोक डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याचं सांगतच नाहीत. सांगा. हृदयाच्या, बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठीही सोबत न्या. काचबिंदूच्या दुसऱ्या काही थेंबांनी पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. आईच्या पापण्या बघून शेजारच्या सुनेने औषधाचं नाव लिहून मागितलं होतं. मी दिलं नाही.

दोन औषधं असतील तर मध्ये ५ मिनिटं, घड्याळात बघून. पातळ आधी, मलम किंवा जेल शेवटी. मलम आधी लावलंत तर त्यावरून थेंब घसरून जाईल.

कोणी नसेल घरात तर

हात थरथरत असेल आणि स्वतःच घालायचा असेल, तर आडवं व्हा. डाव्या हाताची सैल मूठ करून गालावर टेका आणि त्याच हाताच्या बोटाने पापणी खाली ओढा. बाटलीचा हात त्या मुठीवर ठेवा. तेही जमत नसेल तर डोळा मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर थेंब सोडा आणि मग डोळा हळूच उघडा. थेंब आत ओघळतो. भेदरलेल्या माणसांना हेच बरं पडतं, फक्त कोपरा आधी पुसून घ्या.

बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर मार्करने लिहा. लेबलवर वेगळी मुदत दिली नसेल तर महिन्यानंतर ती फेकायची, अर्धी भरलेली असली तरी. सकाळच्या बाटलीला एक रबरबँड, रात्रीच्या बाटलीला दोन. कानाचे थेंब आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या बाटल्या ड्रॉपच्या फडताळात ठेवू नका. हे अपघात होतात.

नानांचं ऑपरेशन आणि गल्लीचे डॉक्टर

नानांनी मोतीबिंदू दोन वर्षं अंगावर काढला, कारण गावात सांगितलं, "पिकू द्या." हा जुन्या काळचा सल्ला आहे. आता फेको नावाच्या पद्धतीने बारीक छेदातून डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग फोडून काढतात आणि कृत्रिम लेन्स बसवतात. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो आणि कधी कधी डोळ्याचा दाबही वाढवतो. रोजचं काम अडायला लागलं की तेव्हाच करायचा. आणि थेंबांनी मोतीबिंदू विरघळत नाही, कोणी कितीही महाग बाटली विकली तरी.

त्यांचं ऑपरेशन नेमकं रंगपंचमीच्या आठवड्यात आलं. नाशिककरांना सांगायला नको, आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी आणि शनी चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला मोठा हौद, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. नाना म्हणाले, "मी लांबून बघतो." मी दार लावून घेतलं. नव्या जखमेत रहाडीच्या पाण्याचा एक शिंतोडा गेला तरी पुरे. पंचमी त्यांनी काळा चष्मा लावून गच्चीच्या दाराआडून ऐकली.

त्याच आठवड्यात भेटायला आलेल्यांचे सल्ले: गुलाबपाणी, मध, एरंडेल, गाईचं तूप आणि एकाने तर रामकुंडाचं तीर्थ तांब्यात आणलेलं. तीर्थ देवघरात ठेवलं. श्रद्धा माझीही आहे, पण ऑपरेशन झालेल्या डोळ्यात डॉक्टरांनी लिहिलेल्याखेरीज काहीही जात नाही. सगळ्यात घातक सल्ला म्हणजे "माझी उरलेली बाटली घ्या, मला गुण आला." त्या बाटलीत बहुधा स्टेरॉइड, म्हणजे सूज उतरवणारं जोरदार औषध, असतं. ऑपरेशननंतर ते गरजेचं असतं, पण ते कमी-कमी करत बंद करायचं असतं, चिठ्ठीत लिहिलंय तसं. मनाने मध्येच थांबवलं तर सूज उलटते. मनाने चालू ठेवलं तर तेच स्टेरॉइड दाब वाढवून काचबिंदू आणू शकतं. लालसर डोळा दिसला की दुकानातून तीच बाटली पुन्हा आणणारे मी रोज बघतो.

ऑपरेशननंतर दुखणं वाढायला लागलं, आधी आलेली नजर धूसर झाली, डोळा लालभडक झाला किंवा पू आला, तर सकाळची वाट बघू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. आत जंतू गेले असतील तर तास मोजले जातात. डोळ्यापुढे अचानक विजा चमकायला लागल्या, काळे ठिपके उसळले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तरी तेच करा, मग ऑपरेशन झालेलं असो वा नसो.

काचबिंदूवाल्यांसाठी

हा आजार बहुतेकांना दुखत नाही, आणि थेंब घालून नजर सुधारतही नाही. आईने सहाव्या महिन्यात विचारलं, "फरक काय पडला?" काहीच नाही, तोच फरक. गेलेली नजर परत येत नाही, थेंब फक्त उरलेली राखतात. म्हणून ते बंद करायचे नसतात, गावाला जातानाही. आई-वडिलांना किंवा भावंडांना असेल तर तुमचाही दाब आणि डोळ्याची मागची नस तपासून घ्या. मी दरवर्षी घेतो. मधुमेह असेल तर डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी वेगळी, तीही वर्षातून एकदा.

नीट घालायला लागल्यावर आईची बाटली २४ दिवस गेली आणि पुढच्या तपासणीत दाब १८ निघाला. औषध तेच होतं.

तपासणीला जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून न्या, आणि डॉक्टरांसमोर एक थेंब घालून दाखवा, कोणी विचारलं नाही तरी. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर त्या दिवशी सकाळचा थेंबही घालूनच निघा. "आज दाखवायचंच आहे" म्हणून तो टाळलात, तर दाब औषधाविना मोजला जाईल आणि घरी एक बाटली जास्तीची येईल.