होम प्लेटवरची धडक: पंचाने आधी काय पाहावं

लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धेच्या सामन्यात, धाव पूर्ण होते त्या होम प्लेटवर रनर (बेसवरून धावणारा खेळाडू) आणि कॅचर (प्लेट सांभाळणारा क्षेत्ररक्षक) आदळले की प्रेक्षकांतून हमखास ओरडा होतो, ‘स्लाइड केली नाही, आउट!’ असा नियमच नाही. चेंडू हातात घेऊन टॅगसाठी (चेंडू रनरला लावून बाद करण्यासाठी) थांबलेल्या कॅचरसमोर रनरने स्लाइड करावी, म्हणजे जमिनीवरून घसरत जावं, किंवा त्याला वळसा घालायचा प्रयत्न करावा, एवढंच बंधन आहे. दोन्ही केलं नाही तर आउट. वळसा घालताना ओझरता धक्का लागला, तर तेवढ्यावरून आउट देऊ नका.

म्हणून धडकेकडे नंतर बघा, आधी चेंडू शोधा. मिटमध्ये (कॅचरच्या हातमोज्यात) चेंडू नसताना कॅचरने वाट अडवली, रनरला वेग कमी करावा लागला किंवा वळावं लागलं, की ते ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळा. त्यासाठी अंगाला अंग लागायलाच हवं असं नाही. त्या रनरलाच बाद करायचा प्रयत्न चालू असेल तर चेंडू डेड करा, म्हणजे खेळ थांबवा, आणि धाव द्या.

चुका बहुतेक उभं राहण्याच्या जागेमुळे होतात. कॅचरच्या पाठीमागे राहिलात तर फक्त त्याची पाठ दिसते. थ्रो निघताच बाजूला सरका, मिट आणि रनर यांच्यामधली फट दिसली पाहिजे. टॅगनंतरही घाई नको. चेंडू निसटला का ते पाहा, मगच आउटसाठी हात उचला.

बारा वर्षांपर्यंतच्या गटांत पुढच्या बेसकडे जाताना डोकं पुढे घालून स्लाइड केली तर रनर आउट. मागे परतताना मात्र चालते. हे प्रशिक्षकही विसरतात.