चाच्यांच्या जहाजावर वेषांतरित राजकन्या: हलकीफुलकी अद्भुत कादंबरी कशी लिहावी

राजकन्या पुरुषवेषात चाच्यांच्या जहाजावर चढते, ही कल्पना पहिल्या पानावर कुणालाही आवडते. पण नुसत्या पागोट्यावर आणि मिशीवर दोन-तीन प्रकरणांपलीकडे विनोद चालत नाही. त्यासाठी जहाजाला कायदा हवा. कथानकाच्या आधी तो लिहून काढा. आठ-दहा कलमं पुरेत.

नमुना हाताशी आहे. बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरची कलमं १७२४ मध्ये लंडनला छापली गेली. प्रत्येकाला मत. रात्री आठला दिवे बंद. त्यानंतर दारू प्यायची असेल तर उघड्या डेकवर जाऊन प्या. कप्तान आणि क्वार्टरमास्टर (कप्तानाखालचा मुख्य अधिकारी) यांना लुटीचे दोन-दोन हिस्से. आणि बाईला फूस लावून, वेषांतर करवून जहाजावर आणणाऱ्याला मृत्युदंड! म्हणजे गुपित फुटलं तर जीव जाणार तो तिला आणणाऱ्याचा. हलक्या कथेला मृत्युदंड जड होतो, तेव्हा वर्षभराचा हिस्सा जप्त अशी काहीतरी शिक्षा ठेवा. शिक्षाच काढून टाकलीत तर मात्र लपवालपवीत जीव उरत नाही.

मताचं कलम तर कादंबरीचा कणा आहे. राजकन्येला अधिकार जन्मानं मिळालेला, आणि इथे कप्तानसुद्धा मतानं निवडला जातो, मतानंच उतरवला जातो. तिला एक मतदान हरू द्या, मग एक जिंकू द्या. याच क्रमानं.

आता मराठीत लिहिणाऱ्याची खरी कसोटी: क्रियापदं. ‘मी आलो’ की ‘मी आले’, इथे राजकन्या पहिल्याच वाक्यात सापडते. हुशार मुलगी वाटा शोधेल. ‘मी जाईन’, ‘मी दोर बांधला’, ‘मला भूक लागली’ यांत लिंग कळत नाही. ‘मी घसरले’ म्हणायच्या ऐवजी ती म्हणेल, ‘पाय घसरला माझा.’ घाईत, झोपेत, रागात मात्र ‘पडले!’ निसटणारच. ‘आम्ही निघालो’ हे बाई-पुरुष दोघांनाही चालतं, म्हणून ती ‘आम्ही’कडे वळते, आणि तिथेच राजघराणं उघडं पडतं. ज्या आचाऱ्याला गुपित ठाऊक आहे, त्याच्या तोंडून चारचौघांत ‘अरे’ऐवजी ‘अगं’ जाऊ द्या. निवेदकानं पहिल्यापासून ‘ती’च म्हणावं, चाच्यांनी ‘तो’. निवेदकही ‘तो’ म्हणू लागला की वाचक गोंधळतो.

शरीराचे प्रश्न टाळू नका. दाटीवाटीत टांगलेल्या झोळ्या, शौचाची सोय जहाजाच्या पुढच्या टोकाला उघड्यावर, चार-चार तासांच्या पाळ्या आणि दर अर्ध्या तासाला घंटा. तिला एकांत द्यायचा तर कोठार किंवा शिडांची खोली द्या. मऊ तळव्यांना दोरानं आधी फोड येतील, घट्टे नंतर. दुसऱ्याच दिवशी ती सराईतासारखी डोलकाठीवर चढली तर वाचकाचा विश्वास उडतो. टोके पडलेलं बिस्किट खायच्या आधी चाचे ते फळीवर आपटून किडे झटकतात. ती चिमटीत धरून बारीक कुरतडते. अशा एका हालचालीतून राजवाडा दिसतो.

प्रत्येकजण फसलाच पाहिजे असंही नाही. १७२० मध्ये जमैकात अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड यांच्यावर खटला चालला, तेव्हा साक्षीत आलं की पाठलागाच्या वेळी त्या पुरुषी कपडे घालत, एरवी बायकी. म्हणजे सोबत्यांना सगळं माहीत होतं. तुमच्याही खलाशांपैकी निम्म्यांना आधीच कळलेलं असू द्या. प्रत्येकाला वाटतं, फक्त आपल्यालाच ठाऊक आहे. यासाठी तक्ता करा: आडवी प्रकरणं, उभी पात्रं, चौकटीत ‘काय माहीत’. साठेक हजार शब्दांच्या कादंबरीत नावानिशी सात-आठ खलाशी बस्स.

जादू एकच ठेवा आणि तिला किंमत लावा. समजा, राजकन्येला वारा बोलावता येतो, पण प्रत्येक वेळी तिचा आवाज तासभर बसतो. मग ऐन मतदानाच्या दिवशी तिला गप्प बसावं लागतं. किंमत नसलेली जादू प्रत्येक पेच सोडवते आणि कथा तिथेच संपते.

जहाजाचे शब्द कोकणातून घ्या: गलबत, गुराब (लढाऊ जहाज), तांडेल (खलाशांचा म्होरक्या), सुकाणू, नांगर. फक्त आंग्र्यांचं आरमार चाच्यांचं म्हणून रंगवू नका; इंग्रज कान्होजींना चाचा म्हणत, पण ते मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते.

गुपित दोन-तृतीयांश भागाच्या आसपास फोडा. फार उशीर केलात तर तिचं काय करायचं यावरचं खलाशांचं भांडण उरकावं लागतं, आणि सर्वांत मजेदार संवाद तिथेच असतात. खर्डा झाला की तिची सगळी वाक्यं मोठ्यानं वाचा, क्रियापदांखाली लाल रेघ मारा, आणि चुकून निसटलेलं प्रत्येक ‘आले’ तुम्ही ठरवूनच लिहिलंय ना, ते तपासा.