रिव्हेट बिघडतो तो गन उचलण्याआधी

आरव्ही-७ किंवा आरव्ही-८ सारख्या, स्वतः बांधायच्या अॅल्युमिनियमच्या विमानाच्या किटमध्ये हजारो रिव्हेट ठोकायचे असतात. नवशिक्याला धसका असतो तो रिव्हेट गनचा. पण वाईट रिव्हेटची कारणं शोधली तर ती बहुधा आधीच झालेल्या कामात सापडतात: भोक, बर (ड्रिल केल्यावर भोकाच्या कडेला उरणारी धातूची खरखरीत धार) आणि लांबी.

आधी पाकिटावरचा नंबर वाचायला शिका. एएन४७० म्हणजे गोल डोक्याचा, एएन४२६ म्हणजे पत्र्याच्या पातळीत बसणारा, १०० अंशांच्या डोक्याचा. एडी हा मिश्रधातू. त्यापुढचा पहिला आकडा जाडी, इंचाच्या ३२ व्या भागांत; दुसरा लांबी, १६ व्या भागांत. म्हणजे एडी४-४ हा १/८ इंच जाड, १/४ इंच लांब.

३/३२ च्या रिव्हेटला नंबर ४० चं ड्रिल, १/८ ला नंबर ३०. पत्रे क्लेकोने, म्हणजे भोकात बसणाऱ्या तात्पुरत्या स्प्रिंगच्या चापाने, पकडायचे: ४० च्या भोकाला चंदेरी, ३० च्या भोकाला तांबूस. भोकाच्या केंद्रापासून पत्र्याच्या कडेपर्यंत रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर हवं.

ड्रिल झालं की पत्रे सुटे करून दोन्ही बाजूंची बर काढा. हे कंटाळवाणं काम आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं. बर मध्ये राहिली तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत, ठोकताना रिव्हेट त्या फटीत फुगतो आणि जोड ढिला राहतो. मात्र बर काढायच्या हत्याराचे हाताने दोन-तीन हलके फेरे पुरतात. जास्त फिरवलंत तर पातळ पत्र्यात भोकाची कड सुरीसारखी होते आणि भोक मोठं होतं.

एएन४२६ चं डोकं बसायला पातळ पत्र्याला डिंपल द्या, म्हणजे दाबून खळगा पाडा; काउंटरसिंक करू नका, म्हणजे खळगा कापून काढू नका. ३/३२ च्या रिव्हेटसाठी ०.०३२ इंचापेक्षा पातळ पत्रा काउंटरसिंक करायचाच नाही. डिंपल केलेला पत्रा काउंटरसिंक केलेल्या जाड भागावर बसणार असेल, तर ती खाच किंचित जास्त खोल हवी, नाहीतर पत्रा अधांतरी राहतो.

आता लांबी. भोकातून पलीकडे जाडीच्या दीडपट दांडी डोकावली पाहिजे: १/८ ला ३/१६ इंच. ठोकल्यावर तयार होणारं डोकं तितकंच रुंद आणि जाडीच्या निम्मं उंच, म्हणजे १/१६ इंच. हे गेजने मोजा, डोळ्याने नको. दांडी लांब असली तर ती वाकून आडवी पडते. आखूड असली तर डोकं चपटं आणि अरुंद होतं.

३एक्स मापाची गन असेल तर ३/३२ साठी हवेच्या ४० पीएसआय दाबाच्या आसपास सुरुवात करून भंगार पत्र्यावर दाब जुळवा. फार हळू, गोंजारत मारलेल्या ठोक्यांनी धातू कडक होतो आणि डोक्याला चिरा पडतात. बकिंग बार, म्हणजे पलीकडून दांडीच्या टोकाला धरायचा पोलादी ठोकळा, दांडीशी काटकोनात टेकलेला हवा. तिरका असला की डोकंही तिरकं. बार धरणाऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय ट्रिगर नाही. पलीकडे बार नसताना गन चालली तर पत्र्याला पोचा पडतो, आणि तो भरून निघत नाही. सेट (गनच्या पुढचं, डोक्यावर बसणारं टोक) सरकला तर मूळ डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटते. दोघांच्याही कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा, हे सांगायला नकोच.

बिघडलेला काढायचा कसा? एएन४७० एडीच्या डोक्यावर मधोमध खळगा असतोच. तिथे रिव्हेटच्या मापाचं किंवा किंचित बारीक ड्रिल लावा आणि फक्त डोक्याच्या जाडीपुरतंच आत जा. पिन पंच भोकात घालून कलता केला की डोकं तुटतं. मग मागून पत्र्याला आधार देऊन दांडी बाहेर ठोका. आधार नसेल तर पत्रा वाकतो.

तरीही प्रत्येक कुरूप रिव्हेट काढायच्या मागे लागू नका. माप थोडं चुकलेला रिव्हेट भार घेतो. लांबट झालेलं भोक घेत नाही. एएन४२६ च्या ३/३२ चं भोक मोठं झालंच, तर एनएएस१०९७ चा १/८ दांडीचा, लहान डोक्याचा रिव्हेट बसतो. बांधणारे त्याला 'ऊप्स रिव्हेट' म्हणतात. तो घालताना कडेचं दुप्पट अंतर नव्या जाडीने पुन्हा मोजा. ते भरत नसेल तर ड्रिल खाली ठेवा आणि फोटो काढून किट उत्पादकाच्या तांत्रिक विभागाला आधी विचारा.