परदेशी शिकायला जाताना: निघण्याआधी घरूनच उरकायची कामं

प्रवेशाचं पत्र आलं की घरात पहिली चर्चा सुरू होते ती बॅगेची. खरं तर बॅग हे सगळ्यात शेवटचं काम आहे. चादर, उशी, भांडी, जाड कोट या गोष्टी जिथे माणसं राहतात तिथे विकत मिळतात. जुन्या विद्यापीठातून आणायची गुणपत्रकाची मोहोरबंद प्रत, बँकेत स्वतः जाऊन करायची सही, अर्धवट राहिलेला दातांचा उपचार ही कामं मात्र एकदा विमानात बसलात की हातातून निसटतात. म्हणून कामांची यादी करताना प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: हे तिथे गेल्यावर करता येईल का? ज्याचं उत्तर ‘नाही’ किंवा ‘फार अवघड’ असेल, ते काम यादीत सगळ्यात वर घ्या. पुढचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

पायरी १: पासपोर्ट आणि नाव

पासपोर्टची मुदत अभ्यासक्रम संपेपर्यंत पुरते का ते पाहा. पुरत नसेल तर व्हिसाचा अर्ज करण्याआधीच नवा काढा. मधेच पासपोर्ट बदलला की जुना-नवा असे दोन्ही बाळगा, प्रत्येक ठिकाणी नवा क्रमांक कळवा, अशी शुक्लकाष्ठं मागे लागतात.

मग पासपोर्ट, गुणपत्रकं, प्रवेशपत्र आणि इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि नाव अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. एकीकडे वडिलांचं नाव मधे आहे, दुसरीकडे नाही, तिसरीकडे एक अक्षर जास्त, असं हमखास सापडतं. पासपोर्टवर एकच नाव असेल तर अमेरिकेच्या व्हिसावर ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ अशी अक्षरं छापली जातात, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही. तीच अक्षरं पुढे बँकेत आणि वाहन परवान्यावरही तुमचा पाठलाग करू शकतात. दुरुस्ती करायची तर ती आत्ताच. व्हिसा लागल्यावर हीच गोष्ट दहापट किचकट होते.

पायरी २: व्हिसा, पैशांच्या पुराव्यासकट

प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि बदलतही राहतात, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरचाच मजकूर वाचा. आधी गेलेल्या मित्राचा अनुभव प्रेमाने ऐका, पण त्यावर विसंबून अर्ज भरू नका.

अर्ज सर्वात जास्त अडतो तो पैशांच्या पुराव्यापाशी. ब्रिटनमध्ये ज्यांना हा पुरावा द्यावा लागतो, त्यांच्या खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस असावी लागते. त्यात एक दिवसही शिल्लक खाली गेली तर मोजणी नव्याने सुरू होते. घरचे लोक मधेच त्या खात्यातून काही रक्कम काढतात आणि पूर्ण महिना वाया जातो. ते खातं कुणीही हात लावायचा नाही हे घरात स्पष्ट सांगून ठेवा. जर्मनीसाठी बहुतेक विद्यार्थी ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडतात. वर्षभराच्या खर्चाची रक्कम त्यात आधी भरायची आणि तिथे गेल्यावर ती दरमहा ठरावीक हप्त्याने मिळते. हे खातं उघडायला वेळ लागतो, म्हणून ते प्रवेश नक्की होताच हाती घ्या.

तारखांकडेही लक्ष हवं. अमेरिकेच्या एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अभ्यासक्रमाच्या सुरुवातीच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधीच देशात शिरता येतं आणि ती तारीख विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या कागदावर असते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपेक्षा मोठा अभ्यासक्रम असेल तर महिनाभर आधी जाता येतं. तिथे आता निवासाचा पुरावा कार्डाऐवजी ई-व्हिसाच्या रूपात असतो. त्याचं ऑनलाइन खातं उघडून पासपोर्ट त्याला जोडणं हे निघण्याआधीचं काम आहे.

पायरी ३: कागदपत्रं

पदवी, गुणपत्रकं आणि जन्मदाखला यांवर दुसऱ्या देशात वापरता येईल अशी सरकारी मोहोर लागते का, ते विद्यापीठाला आणि दूतावासाला विचारा. १९६१ च्या हेग करारात सामील असलेल्या देशांमध्ये ‘अपोस्टिल’ नावाचं एकच प्रमाणपत्र पुरतं. करारात नसलेल्या देशांसाठी दूतावासाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला, तेव्हा जुने लेख वाचून निष्कर्ष काढू नका. अपोस्टिल कागद ज्या देशाचा त्याच देशात मिळतं. तिथून कुरिअरने मागवत बसण्यापेक्षा लागेल असं वाटणाऱ्या प्रत्येक कागदावर ते निघण्याआधीच घेतलेलं बरं.

मोहोरबंद लिफाफ्यातली गुणपत्रकं उत्सुकतेपोटीही उघडू नका. लिफाफा फुटला की त्या प्रतीची किंमत संपली. गाडी चालवता येत असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्या, कारण तो मूळ परवाना देणाऱ्या देशातच निघतो. सगळ्या कागदांचे स्वच्छ स्कॅन क्लाउडवर ठेवा आणि एक संच आई-वडिलांकडे द्या. मूळ कागद नेहमी हातातल्या बॅगेत. ते सामानाच्या बॅगेत टाकणं म्हणजे नशिबावर हवाला.

शक्य असेल तर घरातल्या एका विश्वासू माणसाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र करून ठेवा. बँकेतलं किंवा विद्यापीठातलं छोटं काम निघालं तर तुम्हाला परत यावं लागणार नाही.

पायरी ४: दात, डोळे, औषधं, लसी

परदेशातल्या विद्यार्थी विम्यात दातांचा आणि चष्म्याचा खर्च बहुधा नसतो किंवा अगदी थोडा असतो. त्यामुळे दंतवैद्याकडे निदान दोन महिने आधी जा, म्हणजे काही निघालंच तर उपचार पूर्ण होतील. चष्मा असेल तर जोडीला दुसरा चष्मा आणि नंबरचा कागद घ्या.

नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी लिहून घ्या. तिच्यावर कंपनीचं नाव नको, औषधाच्या मूळ घटकाचं नाव हवं, कारण कंपन्यांची नावं देशागणिक बदलतात. गोळ्या मूळ वेष्टनातच न्या. एका देशात सर्रास मिळणारं औषध दुसऱ्या देशात बंदी असलेलं असू शकतं. जपानमध्ये अॅम्फेटामिन असलेली औषधं चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त स्यूडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधंही चालत नाहीत.

लसींचा दाखला अमेरिकेतली बरीच विद्यापीठं मागतात. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एमएमआर लसीचे दोन डोस त्यात जवळजवळ ठरलेले. दोन डोसांमध्ये किमान २८ दिवसांचं अंतर लागतं, म्हणून हे शेवटच्या आठवड्यात जमणारं काम नव्हे.

विम्याचं कलम नीट वाचा. तुमचा विमा कोणत्या तारखेपासून लागू होतो आणि तुम्ही कोणत्या तारखेला उतरता, यात फट असेल तर तेवढ्या दिवसांचा प्रवास विमा घ्या.

पायरी ५: फोन आणि पैसे

या पायरीत लोकांची सगळ्यात जास्त धांदल उडते, म्हणून थोडं थांबून वाचा. तुमचं बँक खातं, ईमेल, विद्यापीठाचं खातं या सगळ्यांचा ओटीपी तुमच्या आजच्या मोबाइल नंबरवर येतो. परदेशात उतरून तुम्ही नवं सिम घालता, नवं सिम घेताना कार्डाने पैसे भरायला जाता, बँक ओटीपी पाठवते आणि तो बंद पडलेल्या नंबरवर जातो. बँकेत नंबर बदलायला जावं, तर शाखेत या म्हणतात.

हे टाळायचं तर जुना नंबर बंद करू नका. त्यावर निदान संदेश येतील एवढं आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. फोनमध्ये दोन सिम किंवा ई-सिमची सोय आहे का आणि फोन एखाद्या कंपनीशी लॉक नाही ना, हे पाहा. जिथे शक्य तिथे ओटीपीऐवजी फोनमध्येच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अॅप जोडा आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर हाच कागद तुम्हाला तारेल.

पैसे एकाच ठिकाणी ठेवू नका. वेगवेगळ्या बँकांची निदान दोन कार्डं, परदेशी व्यवहार सुरू केलेली, आणि ती वेगवेगळ्या खिशांत. त्या देशाचं थोडं चलन रोख घ्या, पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं. १० हजार डॉलरहून जास्त रोकड घेऊन अमेरिकेत किंवा १० हजार युरो वा त्याहून जास्त घेऊन युरोपीय संघात शिरलात तर ती जाहीर करावी लागते. दुकानातलं यंत्र ‘तुमच्या घरच्या चलनात भरायचं का?’ असं विचारेल. दर वेळी तिथलंच चलन निवडा, कारण घरचं चलन निवडलं की दर यंत्रवाला लावतो आणि तो बहुतेकदा महाग पडतो.

फी भरताना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर दिलेल्या मार्गानेच भरा. ‘आमच्यामार्फत भरा, सूट मिळेल’ म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला ठाम नकार द्या.

पायरी ६: राहायची जागा

पहिल्या वर्षी विद्यापीठाचं वसतिगृह मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, थोडं महाग असलं तरी. बाहेर शोधायचं असेल तर न पाहता अनामत भरू नका. मालक परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल, आज पैसे न भरल्यास जागा जाईल, ही वाक्यं ऐकली की समजा फसवणूक आहे. फोटो इंटरनेटवर शोधून पाहा. त्या शहरातल्या एखाद्या विद्यार्थ्याला प्रत्यक्ष जाऊन यायला सांगा. काहीच जमत नसेल तर पहिले दोन आठवडे तात्पुरती खोली घ्या आणि जागा स्वतः पाहून ठरवा.

तात्पुरती खोली घेतानाही एक गोष्ट विचारा: या पत्त्यावर नोंदणी करता येईल का? जर्मनीत घर घेतल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. ती नोंदणी नसली की बँक खातं, कराचा क्रमांक आणि पुढचा निवास परवाना सगळंच रखडतं. कितीतरी स्वस्त खोल्यांचे मालक हा कागद देत नाहीत. खोलीत पाय ठेवताच भिंती, गादी, नळ, खिडक्या यांचे तारखेसह फोटो काढून मालकाला ईमेल करा. सोडताना अनामत परत मिळवायला याहून मोठा पुरावा नाही.

पायरी ७: तिकीट आणि बॅग

तिकीट असं काढा की उतरणं कामाच्या दिवशी सकाळी किंवा दुपारी होईल. शुक्रवारी रात्री उतरलात तर वसतिगृहाचं कार्यालय बंद आणि सोमवारपर्यंत दाद मागायला कुणी नाही. मधे विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का ते बघा. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान स्वतः उचलून पुन्हा द्यावं लागू शकतं आणि तिथेच व्हिसाचा प्रश्न उभा राहतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच न्यावी लागते आणि मर्यादा साधारण १०० वॉट-अवर आहे. हिशेब सोपा आहे: तिच्यावर छापलेला एमएएचचा आकडा भागिले हजार, गुणिले ३.७. म्हणजे २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवर भरते. चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर नुसता अॅडाप्टर पुरतो. केस सुकवायचं यंत्र किंवा इस्त्री यांवर एकच व्होल्टेज लिहिलेलं असेल तर ते घरीच ठेवा, कारण अमेरिकेत १२० व्होल्ट आहेत आणि युरोपात २३०.

खाण्याचं सामान नेताना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड विशेष कडक आहेत. बिया, मध, मांस, लाकडी वस्तू अर्जावर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतील, लपवलेली सापडली तर दंड होतो.

पायरी ८: उतरल्यानंतर

कॅनडात अभ्यासाचा परवाना विमानतळावरच हातात मिळतो. तो घेऊन लगेच चालू पडू नका. खिडकीसमोर उभं राहून नाव, मुदतीची तारीख आणि काम करण्याची अट वाचा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते, नंतर अर्ज करावा लागतो. अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ ही प्रवेशाची नोंद ऑनलाइन उघडून तीत एफ-१ आणि ‘डी/एस’ (म्हणजे विद्यार्थी म्हणून दर्जा टिकेल तोवर मुक्काम) लिहिलं आहे का पाहा.

तिथला आपत्कालीन क्रमांक आधीच पाठ करा: युरोपीय संघात ११२, अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००.

पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात प्रत्यक्ष जा आणि तिथे हजेरीची नोंद करा. काही देशांत ही नोंद वेळेत झाली नाही तर व्हिसावरच गदा येते. तिथेच कामाच्या तासांची मर्यादा लेखी विचारून घ्या. ऑस्ट्रेलियात सत्र सुरू असताना पंधरवड्याला ४८ तास आहेत, ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्याला २० तास आहेत, आणि ओळखीतला कुणी ‘थोडं जास्त चालतं’ म्हणाला तरी पहिल्या पगाराआधीच हा आकडा आपल्या वेळापत्रकावर लिहून ठेवा.